कॅनरीचं माप

पक्षीघरातल्या दवाखान्याची चावी ज्याच्याकडे असते, तो माणूस वेळेवर येईल तर शपथ. माळी त्याच्या नावाने खडे फोडतो, तिकीट खिडकीवरचा त्याला तोंडावर ‘जावईबापू’ म्हणतो, आणि डॉक्टर बाई तर दाराशी उभ्या राहून घड्याळ आणि रस्ता असं आलटून पालटून बघत असतात. एकट्या भिंगरीने त्याला कधी वाकडा शब्द ऐकवलेला नाही. उलट तो आला की ती थर्मासमधला चहा त्याच्यापुढे करते. “या, दमला असाल,” म्हणते. नव्या माणसाला वाटतं, नात्यातला असणार. नात्यातला कसला! पण त्याने तिच्यावर उपकार केले आहेत, आणि केले ते उशिरा येऊनच. बरं, त्या बापड्याला अजून त्याचा पत्ताही नाही.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सासूने ठेवलेलं. बसली आहे अशी ती कुणाला दिसलीच नाही. भाजी चिरता चिरता केर काढायची, केर काढता काढता दाराशी आलेल्या माणसाशी बोलून मोकळी व्हायची. घरातलं नाव कामावर कसं पोचलं देव जाणे, पण पोचलं, आणि चिकटलं. पक्षीघर म्हणजे मोठ्या बागेच्या टोकाला असलेल्या काचेच्या खोल्यांची रांग. त्यातली कॅनरींची खोली पहिल्यापासून तिच्याकडे. बिया पाखडायच्या, पाणी बदलायचं, अंडं उकडून कुस्करून ठेवायचं, तारांवरची घाण खरवडायची आणि घरट्यांसाठी मऊ दोरे लावून ठेवायचे. पिवळी धमक पाखरं. सकाळी दार उघडलं की अशी काही सूर लावायची की तिचा अर्धा शीण तिथेच उतरायचा. कोण खातंय, कोण रुसलंय, कुणाचा आवाज बसलाय, हे तिला पाठमोरं उभं राहूनही कळायचं.

शेजारच्या खोलीत हमिंगबर्ड होते. ती खोली मामांची. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा, कामावरचे सगळ्यात जुने. त्यांची पाखरं अंगठ्याएवढी, पाठ हिरवी, नराच्या गळ्याला लाल झाक. उन्हात मान वळवली की गळा पेटायचा आणि पुन्हा वळवली की विझायचा. गाणं म्हणाल तर नावाला. चिक चिक चिक, बस्स. पण उडणं बघावं! जागच्या जागी तरंगायचं, मागे सरकायचं, आणि एकमेकांशी भांडायचं तर असं की दोन वाण्यांनीही एका गिऱ्हाइकासाठी भांडू नये. मामा एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी घालून दिवसभर त्यांच्या नळ्या भरत. ‘माझी लेकरं अखंड खातात,’ म्हणत, ‘एक वेळ चुकली की संपलं.’

या दोन काचांच्या मधोमध लोक उभे राहायचे आणि हटकून तिला विचारायचे, “बाई, यातलं भारी कोणतं?” या प्रश्नाने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, भारी काय भारी? कॅनरी मागे उडू शकत नाही म्हणून कमी, की हमिंगबर्डला दोन पावलं धड चालता येत नाही म्हणून तो कमी? एकाचा नर बसलेल्या मादीला घास भरवतो, दुसऱ्याचा नर एकदा गेला तो फिरून बघतही नाही. ज्याची त्याची रीत! पण तिकीट काढून आलेल्या माणसाला असं झापता येत नाही, म्हणून ती नुसतं “दोन्ही चांगले” म्हणायची आणि झाडू जरा जोरात मारायची.

खरं तर या प्रश्नाचा राग तिला घरून आलेला होता. घरात दोन सुना. भिंगरी थोरली आणि तिच्यामागून चार वर्षांनी आलेली धाकटी. दोन खोल्या, खाली सायकली दुरुस्त करायचं दुकान, वर ही सगळी. धाकटी शिवणकाम करायची. खिडकीखालच्या मशीनवर बसली की पायाबरोबर गळाही सुरू. गाणं पुरं यायचं असं नाही. शब्द विसरली की कापडाचं माप त्याच चालीत म्हणायची. सासू कपाळाला हात लावायची. “माझं नशीब बघा,” ती येईल त्याला सांगायची, “एक भिंगरी आली, एक रेडिओ आला. माणूस म्हणून कुणी आलंच नाही!” आणि मग तिचं ठरलेलं सुरू: हिच्या पोळ्या बऱ्या की तिच्या, हिचा हात सढळ की तिचा, उठते लवकर कोण आणि बोलते जास्त कोण. ऐकून ऐकून दोघींचे कान किटले होते. दोघींत भांडण मात्र लागलं नाही. लागणार कसं? सासू तोलायला बसली की धाकटी मशीनवरून हळूच डोळा मारायची आणि थोरलीला ओट्याशी हसू आवरेना व्हायचं.

भिंगरीला ही नोकरी मिळाली तीही धाकटीमुळेच. तेव्हा पदरात तान्ही मुलगी, सासूचा साफ नकार, नवरा बेकरीत भट्टीवर, तो पहाटे जाणार. “पोर कोण बघणार?” यावर सगळं येऊन अडलं होतं. तेव्हा नवी नवरी म्हणून नुकतीच आलेली धाकटी, जिने अजून घरात मोठ्याने ‘मीठ द्या’ही म्हटलं नव्हतं, ती म्हणाली, “मी बघते की. जाऊबाई, तुम्ही जा खुशाल.” आणि बघितलं. मशीनला एका पायाने टाका आणि दुसऱ्या पायाने पाळणा. ती मुलगी आता परगावी नर्सिंग शिकते आणि फोन केला की आधी काकूला मागते. भिंगरीच्या कामाच्या कोटाला आतून, छातीशी, मऊ कापडाचा खिसा होता, तोही धाकटीनेच लावलेला. “रोज किल्ल्या हरवता, रोज मला ओरडता. घ्या हा खिसा, आणि माझी सुटका करा.” या बाईचं आपण काय काय देणं लागतो, हा हिशोब भिंगरीने कधी मांडला नाही. मांडून फिटणारा नव्हता.

आणि मग धाकटीचा नवरा गेला. गाडी चालवायला म्हणून सकाळी निघाला, जिन्यात बसला, आणि बसला तो बसलाच. भला माणूस. घरात तोच तेवढा कमी बोलणारा, तोही गेला आणि घर एकदम मुकं झालं.

धाकटी रडली नाही. चार दिवस इकडून तिकडे फिरली, आल्यागेल्याला पाणी दिलं, आणि मग आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. कुणी उठवलं तर उठायची. घास दिला तर दोन खायची. पण बोलणं नाही, गाणं तर नाहीच. मशीनवर कुणीतरी चादर टाकली ती तशीच राहिली.

भिंगरी सुरुवातीला घाबरली नव्हती. तिला वाटलं, हे आपल्या ओळखीचं आहे. कॅनरीची पिसं झडायला लागतात तेव्हा तीही गप्प होते. गाणारं पाखरू एका सकाळी मुकं होतं, अंग चोरून बसतं, अवतार तर असा की बघवत नाही. नव्या माणसाला वाटतं, आजारी पडलं, आता जातंय. भिंगरीला माहीत होतं, की दीड-दोन महिने थांबायचं, अंडं जास्त घालायचं, त्रास द्यायचा नाही. नवी पिसं येतात आणि त्याबरोबर गाणंही येतं, कधी कधी आधीपेक्षा बरं. तेव्हा ती सगळ्यांना सांगत राहिली, “जरा थांबा. येईल ती.” दोन महिने थांबली. तीन थांबली. आठवा लागला आणि मग तिचाही धीर सुटला. पिसं यायची ती आलीच नाहीत.

सासूचा जप वेगळाच होता. “मी नाही का उठले? मी विधवा झाले तेव्हा दोन पोरं पदरात होती माझ्या! तिसऱ्या आठवड्यात कारखान्यात उभी राहिले. हिला काय झालंय?” हे ती धाकटीच्या खोलीकडे तोंड करून म्हणायची, ऐकू जाईल असं. शेवटी धाकटीच्या भावाला निरोप गेला. तो म्हणाला, “रविवारी येतो आणि घेऊन जातो. कायमचीच नेतो. तिथे मोकळी हवा आहे.” धाकटीला विचारलं, तर तिने मान हलवली नाही आणि डोलावलीही नाही. भिंगरीच्या नवऱ्याने भिंगरीकडे पाहिलं. ती म्हणाली, “जाऊ दे तिला. इथे आता तिचं काही उरलं नाही.” आणि शुक्रवारी स्वतःच्या हाताने तिने धाकटीची बॅग भरली. साड्या, स्वेटर, कात्रीचा डबा. कात्रीचा डबा ठेवताना तिचे हात थांबले, पण ठेवला.

याच आठवड्यात मामा निवृत्त झाले आणि मुलीकडे राहायला गेले. हमिंगबर्डची खोली भिंगरीकडे आली. जाण्याआधी मामांनी आठ दिवस तिला बरोबर फिरवून सगळं शिकवलं: नळ्या कशा उकळायच्या, त्यांच्या खाण्यातल्या फळमाश्या कशा वाढवायच्या, भांडखोर कोण आणि त्याच्यासाठी कोपऱ्यातली नळी वेगळी का. सगळं सांगितलं, आणि एकच गोष्ट सांगायची राहिली. त्यांना वाटलं असणार, एवढी वर्षं शेजारी काम करते, हिला ठाऊकच असेल. आपल्याला जे रोजचं असतं, ते सांगायचं कुणाला सुचतं?

शनिवारी सकाळी ती आली तेव्हा तिला दारातच थंडी लागली. काचेच्या खोलीत थंडी म्हणजे घात. ऊब देणारं यंत्र रात्रीत कधीतरी बंद पडलं होतं. कॅनरी फुगून बोरासारख्या गोल झाल्या होत्या, पण तिला बघून कुरकुरल्या, म्हणजे ठीक होत्या. ती शेजारच्या खोलीत धावली. तिथे चिक नाही का भुर्र नाही. तीन पाखरं आपापल्या फांदीवर गोटीसारखी बसलेली, डोळे मिटलेले, चोची वर. आणि चौथं, लाल गळ्याचं, मामांचं सगळ्यात लाडकं, एका पायावर फांदीला उलटं लटकत होतं, खाली डोकं, वर पाय.

ती फांदीपाशी गेली. बोट लावलं, हललं नाही. गार दगड. हळूच नख्या सोडवून तळहातावर घेतलं, तर काही वजनच लागेना. कॅनरीची बाई ती. सकाळी पाखरू असं गार, असं आखडलेलं सापडलं की त्याचा अर्थ एकच, हे तिने इतक्या वर्षांत कितीदा पाहिलं होतं. “मारलं गं मी,” ती मोठ्याने म्हणाली. “मामांनी एवढ्या वर्षांत एकाला शिंक येऊ दिली नाही, आणि मी पहिल्याच आठवड्यात मारलं.”

तिथली रीत अशी, की मेलेलं पाखरू कागदात गुंडाळायचं आणि दवाखान्यातल्या फ्रीजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं. डॉक्टर बाई आल्या की मग तपासतात. ती ओलावल्या डोळ्यांनी दवाखान्याकडे गेली. दाराला कुलूप. चावीवाल्याचा पत्ता नाही! डॉक्टर बाई तेव्हा बाहेरगावी गेलेल्या, त्या दहाच्या सुमाराला पोचणार. आता पाखरू ठेवायचं कुठे? बाकावर ठेवलं तर मुंग्या, खोलीत ठेवलं तर कुणाचा तरी पाय. तिने हातरुमालात सैल गुंडाळलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. किल्ल्यांसाठीच्या, धाकटीने लावलेल्या. किल्ल्या काढून हातात घेतल्या.

मग ती भिंगरीसारखी फिरली. यंत्र बघणाऱ्याला फोन, कॅनरींच्या खोलीवर चादरी, नळ्यांत कोमट साखरपाणी. यंत्र घरघरलं, ऊब यायला लागली. बाकीच्या तिघांकडे बघायची तिची छाती झाली नाही. रडायला वेळ नव्हता म्हणून ती रडत रडतच काम करत होती. आणि काम संपल्यावर, आता पुढे काय ते स्वतःच सांगितलेलं बरं, म्हणून व्यवस्थापकांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

व्यवस्थापक मवाळ माणूस. फाइलीत डोकं. “बोला बाई.”

“साहेब, माझ्या हातून एक पाखरू गेलं. मामांचं. यंत्र बंद पडलं होतं ते मी रात्री बघून जायला हवं होतं. तुम्ही काय म्हणाल ते...”

“एक मिनिट,” साहेब म्हणाले. “आधी तुमचा फोन घ्या.”

“काय?”

“फोन. कोटात थरथरतोय बघा. महत्त्वाचा असेल.”

भिंगरीचा फोन टेबलावर पडला होता, किल्ल्यांबरोबर, तिने आताच ठेवलेला. दोघांनी त्या फोनकडे पाहिलं. मग दोघांनी कोटाकडे पाहिलं. कोट आतून गुरगुरत होता. “अगं बाई!” ती किंचाळली. गुदगुल्या होत होत्या, आणि ती एकीकडे किंचाळत होती आणि एकीकडे अंग जराही हलवत नव्हती, त्यामुळे साहेबांना वाटलं हिला झटका आला. ते पाण्याचा पेला घेऊन उठले. तिने दोन बोटांनी रुमाल उघडला. एक काळाभोर डोळा उघडा होता. छाती धडधडत होती, सगळं अंग शिवणयंत्रासारखं थरथरत होतं. आणि बघता बघता ते पाखरू उडालं, साहेबांच्या डोक्यावरून, फाइलींवरून, थेट खिडकीच्या काचेपाशी जाऊन तरंगत राहिलं. गळा पेटला.

साहेबांच्या हातातलं पाणी फाइलींवर सांडलं. ते म्हणाले, “हे गेलेलं पाखरू आहे का?”

डॉक्टर बाई आल्यावर त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा आधी त्या मनसोक्त हसल्या. मग तिला खुर्चीवर बसवून त्यांनी समजावलं. “बाई, तुमची कॅनरी थंडीत काय करते? पिसं फुगवते आणि आतली शेगडी रात्रभर चालू ठेवते. तिच्याकडे तेवढं सरपण असतं. या एवढ्याशा जिवाकडे कुठलं सरपण? रात्रभर शेगडी चालू ठेवली तर सकाळपर्यंत जळून खाक होईल. म्हणून हा दिवा बारीक करतो. इतका बारीक, की बघणाऱ्याला वाटावं विझला. श्वास मंद, काळीज मंद, अंग गार. कधी उलटासुद्धा लटकतो. तो मेला नव्हता, स्वतःला जपत होता. वेळ झाली की जागा होतो. ऊब मिळाली तर लवकर होतो.”

“आणि मी याला बर्फात ठेवणार होते,” भिंगरी म्हणाली.

“मग मात्र गेला असता.”

तेवढ्यात चावीवाला आला. शीळ घालत, सावकाश. भिंगरीने उठून त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “देव तुमचं भलं करो!” तो एवढा दचकला की त्या दिवशी त्याने उशिराचं कारणही सांगितलं नाही.

ती हमिंगबर्डच्या खोलीत गेली तेव्हा उरलेले तिघे नळ्यांवर भांडत होते. साहेबांच्या खिडकीपाशी रुमालात अलगद धरलेल्या लाल गळ्याला तिने आत सोडलं आणि तो पहिल्यांदा कोपऱ्यातल्या आपल्या नळीवर गेला. ती काचेला टेकून बघत राहिली. आणि उभ्या उभ्या, हातात रिकामा रुमाल, तिच्या लक्षात आलं. एकदम आलं, कुणीतरी खांदा धरून हलवावं तसं.

आपण धाकटीला कॅनरी समजलो. गायची म्हणून कॅनरी! दोन महिने थांबायचं, पिसं आली नाहीत तर संपलं. कुणी सांगितलं होतं असं? माप आपल्या खोलीतलं, लावलं तिला. सासूने स्वतःचं लावलं, आपण पाखराचं लावलं. आणि ती बिचारी भिंतीकडे तोंड करून, दिवा बारीक करून, आहे तेवढं जपत पडली आहे. आणि उद्या आपण तिला उचलून गाडीत घालणार, तिच्या मशीनपासून, खिडकीपासून लांब. मेलेली समजून. बर्फाच्या कप्प्यात!

घरी जाताना ती धावली नाही, तिला एरवी चालणं म्हणजे धावणंच. त्या दिवशी ती पाय ओढत गेली, कारण रडू येत होतं आणि त्यातलं अर्धं आनंदाचं होतं. अजून वेळ गेली नव्हती. रविवार उद्या होता.

रविवारी भाऊ आला. खाली टॅक्सी उभी. भला माणूस, बहिणीसाठी मऊ उशी घेऊन आलेला. बॅग उचलायला वाकला तेव्हा भिंगरीने बॅगेवर पाय ठेवला.

“दादा, बसा. जेवून जा. ती येणार नाही.”

“ताई, पण तुम्हीच निरोप...”

“मीच. मी चुकले. मला वाटलं, ही गेली आतून. ती गेलेली नाही. तिला फक्त आता हलवू नका.”

सासू बाहेर आली. “अगं भिंगरे, आता काय नवीन काढलंस? आठ महिने! माणूस आठ महिने असा पडतो होय? मी नाही का उठले?”

“तुम्ही उठलात आई. तुमची कमाल आहे. पण ती तुम्ही नाही. तुमच्या मापाने तिला नका मोजू. मीपण मोजलं, दुसऱ्याच मापाने. काल माझ्या हातून एक जीव जाता जाता राहिला त्यापायी.” आणि तिने पाखराची सगळी गोष्ट सांगितली, साहेबांच्या सांडलेल्या पाण्यासकट. तिचा नवरा दारात पावाची पिशवी घेऊन उभा होता, तो हसला. भाऊ हसला नाही. त्याने उशी मांडीवर घेतली आणि डोळे पुसले.

सासू म्हणाली, हळू, कुणाकडेच न बघता, “मला कुणी निजू दिलं नाही गं. म्हणून उठले.”

एवढं म्हणून ती आत गेली, कपाटातून स्वतःची जाड दुलई काढली, जी ती कुणाला हात लावू देत नसे, आणि धाकटीच्या पायांवर नेऊन घातली. कडा आत खोचल्या. भिंगरीने त्या दिवसापासून सासूचा एकही शब्द मनावर घेतलेला नाही, आणि तसे शब्द आजही कमी येत नाहीत.

टॅक्सी रिकामी गेली. भाऊ जेवून गेला, आणि उशी ठेवून गेला.

मग सुरू झालं भिंगरीचं नवं काम. धाकटीची गादी तिने खिडकीपाशी, उन्हात ओढली, मशीनच्या शेजारी. मशीनवरची चादर काढली, तेल घातलं, आणि काही म्हटलं नाही. संध्याकाळी कामावरून आली की तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. बसायची, ही मोठी गोष्ट! जी बाई आयुष्यात बसली नाही ती तासभर भिंतीकडे बघत बसायची, आणि पक्षीघरातली भांडणं सांगायची. उत्तर मागायची नाही. आणि थोड्या थोड्या वेळाने अर्धा कप चहा. एकदम पोटभर नाही, घोट घोट, पण वेळ चुकवायची नाही. ती कामावर असली की सासू द्यायची, साखर घालून ठेवलेला थर्मास तिच्या हवाली असायचा. धाकटी उठून बसायची, कप तोंडाला लावायची, तोंड जरासं वाकडं करायची, प्यायची आणि पुन्हा आडवी व्हायची. हे असं बरेच दिवस चाललं. भिंगरीने दिवस मोजले नाहीत. मोजायचे नाहीत असं ठरवलंच होतं.

एका सुट्टीच्या दिवशी, ऊन गादीवर आलेलं, सासू आत तांदूळ निवडत होती, भिंगरी चहा घेऊन आली. धाकटी उठून बसली. कप घेतला. एक घोट घेतला आणि कप मांडीवर ठेवला. आवाज आला तो गंजलेल्या कडीसारखा, तिचा तिलाच अनोळखी.

“जाऊबाई.”

भिंगरी जागच्या जागी थिजली. त्या दिवशी कोटात गुरगुर झाली तेव्हा जशी झाली होती तशीच, अंग जराही न हलवता.

“या चहात साखर किती घालता हो?”

“किती म्हणजे,” भिंगरी म्हणाली, आणि तिला स्वतःलाच पहिल्यांदा कळलं. हात रोज सकाळी पक्षीघरात जे करायचे, तेच घरी येऊन करत होते. “चार कपांना... एक कप.”

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा नीट, डोळ्यांत डोळे घालून. ओठाचा एक कोपरा हलला.

“मी माणूस आहे हो, जाऊबाई,” ती म्हणाली.

आतून तांदळाचं ताट पडल्याचा आवाज झाला. “ऐकलंस का गं भिंगरे?” सासू ओरडत बाहेर आली, पदराने डोळे पुसत, पायाखाली तांदूळ तुडवत. “माणूस आहे म्हणते! अगं, आलं म्हणायचं माझ्या घरात कुणीतरी माणूस!” आणि तिघी हसायला लागल्या. धाकटीचं हसणं मध्येच रडण्यात गेलं, इतके महिने अडलेलं रडणं. दोघींनी दोन बाजूंनी तिला धरून ठेवलं आणि रडू दिलं. सुटेपर्यंत सोडलं नाही.

मग भिंगरीने दुसरा चहा केला. एक चमचा साखर. धाकटीने तो शेवटच्या घोटापर्यंत घेतला, आणि रिकामा कप ठेवायला स्वतः उठली.